नेमबाजी आणि खिशाचा मेळ

नेम धरणे ही गोष्ट आपल्या खेड्यापाड्यांत काही नवी नाही. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकणारी मुले आपण पाहतो. गोट्यांच्या डावात दहा पावलांवरून नेमकी सांगितलेली गोटी टिपणारा एखादा पोरगा प्रत्येक आळीत असतोच. परंतु पिस्तुलाच्या नेमबाजीच्या स्पर्धेत उतरायचे असे म्हटले, की आपण चटकन म्हणतो, "छे हो, तो पैसेवाल्यांचा खेळ!"

हे म्हणणे अर्धे खरे आहे. वरच्या पायरीवर हा खेळ खर्चाचा आहे, यात शंका नाही. पण पहिली पायरी तितकी महाग नाही, आणि गंमत अशी की जो पैसा लोक सुरुवातीला खर्च करतात, त्यातला पुष्कळसा त्या वेळी खर्च करण्याची गरजच नसते. तेव्हा थोड्या पैशांत सुरुवात कशी करावी, कोठे हात सैल सोडावा आणि कोठे आखडावा, याचा आज विचार करू.

प्रथम खेळ समजून घेऊ. पिस्तुलाचे प्रकार अनेक आहेत, पण आपल्याला परवडणारा प्रकार एकच, तो म्हणजे १० मीटर अंतरावरचा हवेच्या पिस्तुलाचा. यात दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सुटतो. नेमबाज एका हाताने पिस्तूल धरतो, दुसरा हात खिशात किंवा कमरपट्ट्यात. समोर १७ सेंटिमीटर चौरसाचा कागद असतो, त्याचा मध्य जमिनीपासून १४० सेंटिमीटर उंचीवर. मधले दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे आपल्या सदऱ्याच्या बटणाएवढे. एकूण ६० गोळ्या झाडायच्या, म्हणजे जास्तीत जास्त ६०० गुण. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असेल तर त्यासाठी ७५ मिनिटे मिळतात. हिशेब केलात तर एका गोळीला सव्वा मिनिट. घाई नाही, पण रेंगाळायलाही वाव नाही.

आता खर्चाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्या. रायफलच्या नेमबाजाला जाड कापडाचा खास कोट, विजार, हातमोजा आणि बूट लागतात, आणि त्यांची किंमत ऐकूनच माणूस घाबरतो. पिस्तुलाला यांतले काहीच लागत नाही. उलट, हाताला किंवा अंगाला आधार देणारे कपडे नियमाने मनाच आहेत. बूट घोट्याच्या खालचे हवेत, म्हणजे शाळेतले कॅनव्हासचे सपाट बूट चालतात. न नेमणाऱ्या डोळ्यापुढे ३० मिलिमीटरपर्यंत रुंदीची पट्टी लावता येते. ती पुठ्ठ्याची घरी कापली तरी काम होते. तेव्हा दोन खेळांत निवड करायची असेल आणि खिसा हलका असेल, तर पिस्तूल निवडावे.

हे नुसते कागदावरचे बोलणे नव्हे. उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यात जोहरी नावाचे एक शेतकऱ्यांचे गाव आहे. तेथे १९९८ च्या सुमारास गावातल्या मुलांसाठी साधा नेमबाजी क्लब निघाला. चंद्रो तोमर नावाच्या आजीबाई आपल्या नातीला सोबत म्हणून तेथे गेल्या. वय साठीच्या पुढे, अंगात घागरा, डोक्यावर पदर. नात बिचकत होती, तिला धीर द्यावा म्हणून आजीनेच पिस्तूल हाती घेतले आणि नेम लागला! मग त्यांच्या जाऊबाई प्रकाशी तोमर याही येऊ लागल्या. चंद्रोबाई घरी पाण्याने भरलेला जग हातात धरून दंड बळकट करीत, असे सांगतात. पुढे या दोघींनी अनेक स्पर्धांत पदके मिळवली. त्यांच्यावर २०१९ साली चित्रपटही निघाला. प्रकाशीबाईंच्या मुलीने, सीमा तोमरने, २०१० साली शॉटगनच्या विश्वचषकात रौप्यपदक मिळवले. चंद्रोबाई २०२१ मध्ये वारल्या. गावात मोठी इमारत नव्हती, परदेशी यंत्रे नव्हती. होते ते एक सामाईक पिस्तूल, एक शिकवणारा आणि रोज येणारी माणसे.

यातून पहिला नियम निघतो. तो असा : पहिल्या वर्षी पिस्तूल विकत घेऊ नका.

मी महाविद्यालयात शिकवतो, तेव्हा मुले असले प्रश्न घेऊन येतात. एका शेतकऱ्याची मुलगी एकदा आली. शाळेच्या स्पर्धेत तिचा नेम बरा लागला होता. कोणीतरी वडिलांना सांगितले की चांगले पिस्तूल असल्याशिवाय पोरगी पुढे जाणार नाही. "सर, वडील गाय विकायची म्हणतायत. काय करू?" परदेशी बनावटीचे स्पर्धेचे पिस्तूल लाख-दीड लाखाच्या पुढे जाते, हे मला ठाऊक होते. दूध घालून ज्या घराचा महिना निघतो, त्या घराने गाय विकणे म्हणजे काय, हेही ठाऊक होते. मी म्हटले, "बाई, गाय दावणीलाच राहू दे. क्लबचे पिस्तूल वर्षभर वापर, आणि वर्षाअखेरी तूच मला सांग, हा खेळ तुला हवा आहे की नको." वडिलांना हे पटायला वेळ लागला, मुलीसाठी काही करायचे राहून जाते आहे, असे त्यांना वाटे. पण ती वर्षभर क्लबच्या पिस्तुलावर शिकली आणि वर्षाच्या शेवटी ६० गोळ्यांत ५१८ गुणांवर पोचली. खेळ तिने सोडला नाही. गायही अजून गोठ्यात आहे.

एक वर्ष का थांबायचे? कारण पहिल्या वर्षी जे गुण जातात ते पिस्तुलामुळे जात नाहीत, धरण्यामुळे जातात. ते कसे, हे शेतीच्याच दाखल्याने सांगतो. नांगर बोटभर बाजूला धरून सरळ हाकलात, तर तास शेवटपर्यंत बोटभरच बाजूला राहते. पण सुरुवातीलाच नांगराचे तोंड जरासे तिरपे झाले, तर पलीकडच्या बांधाशी तेच तास हातभर चुकते. पिस्तुलाचे अगदी असेच आहे. त्यावर पुढे एक माशी असते आणि मागे खाच असते. दोहोंमध्ये साधारण ३३ सेंटिमीटर अंतर असते. हात थरथरून सबंध पिस्तूल एक मिलिमीटर बाजूला सरकले, तर छर्रा एकच मिलिमीटर चुकतो. परंतु खाचेच्या मानाने माशी एक मिलिमीटर तिरकी झाली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३० मिलिमीटर चुकतो. लक्ष्यावरची वर्तुळे आठ-आठ मिलिमीटरच्या अंतरावर असतात. म्हणजे जवळजवळ चार गुण गेले!

म्हणूनच जाणते शिक्षक सांगतात, की लक्ष्याकडे टक लावू नका, माशीकडे पाहा. माशी आणि खाच स्वच्छ दिसावीत, लक्ष्य अंधुक दिसले तरी चालेल. नवशिक्याला हे उलटेच वाटते. ज्याला मारायचे त्याच्याकडे पाहायचे नाही, हे काय? पण वरचा हिशेब समजला की शंका उरत नाही. माशी काळ्या वर्तुळाच्या खाली, पांढऱ्या भागात धरावी. हात थोडा हलणारच. त्या हालचालीची भीती धरू नये. माशी खाचेत नीट असेल तर हात हलूनही गोळी फारशी दूर जात नाही.

आता हे शिकायला काय खर्च येतो? जवळजवळ शून्य. घरी करण्याच्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली, उभे राहणे. पाय खांद्याइतके फाकवून लक्ष्याकडे कुशीने उभे राहा. डोळे मिटून हात उचला, मग डोळे उघडा. हात लक्ष्याच्या डावी-उजवीकडे गेला असेल तर हात ओढून आणू नका, मागचा पाय सरकवा. अंगाला जी दिशा सहज सापडते, तीत लक्ष्य यायला हवे.

दुसरी, धरणे. स्पर्धेच्या पिस्तुलाचे वजन साधारण एक किलो असते. नियमाने दीड किलोपर्यंत चालते. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घ्या, हात सरळ करून दहा-पंधरा सेकंद धरा, खाली घ्या, विश्रांती घ्या, पुन्हा धरा. पंधरवड्याने एक लिटरची घ्या. खांदा दुखू लागला की थांबा; दुखऱ्या खांद्याने मर्दुमकी गाजवू नये.

तिसरी, रिकामा चाप ओढणे. क्लबमध्ये पिस्तूल हाती असते तेव्हा छर्रा न घालता कोऱ्या भिंतीकडे तोंड करून हा सराव करावा. चाप ओढताना माशी हलली का, एवढेच पाहायचे. चाप किमान ५०० ग्रॅम वजन उचलेल इतका कडक असावा असा नियम आहे. तो झटक्याने न ओढता लिंबू पिळावे तसा हळूहळू दाबायचा. मात्र एक सावधगिरी हवी. स्पर्धेच्या बहुतेक पिस्तुलांत रिकाम्या सरावाची सोय असते, पण स्प्रिंगच्या स्वस्त पिस्तुलाचा चाप रिकामा ओढला तर आतला दट्ट्या खराब होतो. तेव्हा आधी विचारून घ्या.

छर्‍यांचा हिशेबही पाहू. साधारणपणे ५०० छर्‍यांचा डबा येतो. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी ४० गोळ्या, असे केले तर आठवड्याला १२० होतात आणि डबा चार आठवडे पुरतो. रोज शंभर-शंभर गोळ्या उडवणाऱ्याचा डबा पाच दिवसांत संपतो, आणि तो अधिक शिकतो असे मुळीच नाही. एका खऱ्या गोळीमागे तीन रिकामे चाप, हे प्रमाण ठेवा. प्रत्येक गोळीनंतर वहीत दोन शब्द लिहा : गोळी सुटताना माशी कोठे होती, चाप कसा सुटला. ही वही म्हणजे या खेळातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू होय. सरावाला साधे देशी छर्रे पुरतात. महाग छर्रे स्पर्धेपुरते ठेवावेत.

वर्षभराने, खेळ टिकला आणि गुण चढू लागले, की मग स्वतःच्या पिस्तुलाचा विचार करावा. तेव्हाही एकदम लाखाची उडी नको. स्प्रिंगवर चालणारे अगदी स्वस्त पिस्तूल झटका देते, त्यावर बारीक नेम शिकता येत नाही; तो पैसा वाया जातो. एका दट्ट्याने दर गोळीला हवा दाबून घेणारे पिस्तूल मिळाले तर त्याला सिलिंडर लागत नाही, भरण्याचा खर्चही नाही. सिलिंडरचे पिस्तूल जुन्या बाजारात स्वस्त मिळते, पण घेताना सिलिंडरवर कोरलेली तारीख आवर्जून वाचा. तयार झाल्यापासून साधारण दहा वर्षांनी सिलिंडरची मुदत संपते आणि मग ते स्पर्धेत चालत नाही. पिस्तूल स्वस्त आणि सिलिंडर मुदत संपलेले, असा सौदा शेवटी महागात पडतो. जुने पिस्तूल घेताना शिक्षकाला बरोबर न्यावे, आपण बैल घेताना जाणता माणूस नेतो तसा. आणि मूठ आपल्या हाताला बसते की नाही ते पाहावे. लाकडी मूठ कानशीने घासून आणि लाकडाची लुगदी लावून हाताजोगी करता येते.

कायद्याचेही दोन शब्द सांगायला हवेत. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या हवेच्या पिस्तुलाला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, आणि स्पर्धेच्या पिस्तुलांची शक्ती याहून पुष्कळच कमी असते. तरी खरेदी अधिकृत दुकानातून, ओळखीचा पुरावा देऊन आणि पावती घेऊनच करावी. काही शंका असल्यास पोलीस ठाण्यात विचारावे, त्यात कमीपणा नाही. काडतुसाच्या पिस्तुलाला मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतोच. ती पुढची पायरी.

परवाना लागत नाही म्हणून ते खेळणे ठरत नाही, बरं का. एका छर्‍याने डोळा कायमचा जातो, आणि जवळून प्राणही जाऊ शकतो. पिस्तूल नेहमी भरलेले आहे असेच समजावे. त्याचे तोंड कधीही माणसाकडे वळवू नये. लक्ष्याकडे तोंड झाल्याशिवाय बोट चापावर ठेवू नये. घरी ते कुलपात आणि छर्रे दुसऱ्या जागी ठेवावेत. पाखरांवर तर ते मुळीच रोखू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा आहे, आणि मुक्या जिवावर हात साफ करणे हा खेळही नव्हे. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

आता शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. शालेय क्रीडास्पर्धांत नेमबाजीचा समावेश आहे, आणि त्याची माहिती आपल्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळते. दहा मीटरचा खेळ असल्याने त्याला मैदान लागत नाही. एक बंद पडलेली लांबट खोली पुरते, मात्र तिला झाडण्याच्या रेषेपुढे दार-खिडकी उघडी नसावी. लक्ष्यामागे जुन्या चिंध्या ठासून भरलेली लाकडी पेटी, तिच्या मागे लोखंडी पत्रा आणि त्यामागे पक्की भिंत, एवढे गावचा सुतार आणि लोहार करून देतात. नुसता सपाट पत्रा लावू नका, त्यावरून छर्रा उलटतो. सर्वांना डोळ्यांवर चष्मा हवा. जमीन कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी, म्हणजे शिशाची धूळ उडत नाही. आणि हे सारे संस्थेची लेखी परवानगी घेऊन व जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावे. पंधरा मुलांत एक पिस्तूल पुरते. एक मुलगा झाडतो तेव्हा दुसरा बाटली धरतो, तिसरा वही लिहितो, चौथा श्वास मोजतो. सामाईक विहिरीला पाण्याच्या पाळ्या लावतो, तशाच या पाळ्या.

पुढच्या वाटेबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय पातळी, असे हे जिने आहेत, आणि प्रत्येक पायरीला किमान गुणांची अट असते. ती वेळोवेळी बदलते, म्हणून संघटनेकडे विचारून घ्यावी. या जिन्यातल्या एका मोठ्या स्पर्धेला दादासाहेब मावळंकरांचे नाव आहे. स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे हे पहिले सभापती मराठी घराण्यातले. १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. राष्ट्रीय पातळीवर पोचल्यावर प्रवास, छर्रे, चांगले शस्त्र, असा खर्च वाढतो, तो लपवण्यात अर्थ नाही. पण तोवर हाती गुण असतात, आणि गुण दाखवता आले की दारे उघडतात. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हा शिक्षकाचा मुलगा. तो राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला, पुढे रेल्वेत नोकरीला लागला आणि २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये त्याने रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. त्याच कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले; आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री.

प्रत्येकाला पदक मिळेल, असे मी म्हणणार नाही. तसे सांगून एखाद्या बापाला कर्जात लोटणे हे पाप आहे. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगतो, की पोटाला चिमटा घेऊन शस्त्र आणू नका. आणि मुलांना सांगतो, की शस्त्र नाही म्हणून हातपाय गाळू नका. भारी शस्त्रही दगा देते. हरियाणातल्या गोरिया गावची मनू भाकर २०२१ साली टोकियोला गेली, तेव्हा ऐन स्पर्धेत तिचे पिस्तूल बिघडले आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तीच मनू २०२४ साली पॅरिसला दोन कांस्यपदके घेऊन उभी राहिली. मधल्या तीन वर्षांत जे टिकून राहिले ते तिचे मन.

या खेळात आणखी एक गोष्ट शिकायला मिळते आणि ती फुकट मिळते. हात उचलला, माशी स्थिर होईना, आठ-दहा सेकंद गेले, तर गोळी झाडायची नाही. हात खाली घ्यायचा, श्वास घ्यायचा आणि पुन्हा उचलायचा. नवशिक्याला हे फार जड जाते. उचललेला हात रिकामा खाली कसा आणायचा, असे त्याला वाटते. पण जो हात खाली आणायला शिकला, तो निम्मा नेमबाज झाला. आणि हा धडा बाजारात, शेतीच्या सौद्यात आणि रागाच्या भरात तोंडावर येणाऱ्या शब्दांच्या बाबतीतही उपयोगी पडतो.

तेव्हा श्रोतेहो, आज एवढेच करा. तुमच्या जिल्ह्यात नेमबाजीचा क्लब कोठे आहे, याची चौकशी करा. एक वही आणा. पाण्याची एक बाटली भरा. बाकीचे वर्षभराने पाहू.